नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा : मुंबई हायकोर्टात उभी राहिलेली रखमाबाई

मुलगी महिनाभर माहेरी राहिली की शेजारीपाजारी विचारायला लागतात. दुसऱ्या महिन्यात भावकीतले चार जण येऊन बसतात, चहा होतो, पोरीची समजूत काढली जाते आणि तिला एसटीत बसवून दिलं जातं. तिच्या पाठीवरचे वळ आईने बघितलेले असतात. तरीही ती जाते. गेलीच नाही, तर काही दिवसांनी पोस्टमन कोर्टाचं पाकीट घेऊन येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नवऱ्याने दावा लावलेला असतो, की बायकोने नांदायला यावं. ते पाकीट बघूनच बऱ्याच घरांत हातपाय गळतात.

असंच एक पाकीट १८८४ च्या मार्च महिन्यात मुंबईतल्या एका डॉक्टरच्या घरी आलं होतं. त्या घरातली मुलगी तेव्हा १९ वर्षांची होती. तिचं नाव रखमाबाई. तिने दिलेल्या उत्तराने पुढची चार वर्षं मुंबई, पुणं आणि थेट लंडनपर्यंत खळबळ उडाली. आज तिचं नाव डॉक्टर म्हणून घेतलं जातं, तिच्यावर सिनेमाही निघाला. पण डॉक्टर होण्याआधी ती कोर्टात उभी राहिलेली एक बायको होती, आणि आपल्या भागातल्या वाचकांच्या कामाची गोष्ट ती जास्त आहे.

रखमाचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. जात सुतार. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. रखमा झाली तेव्हा जयंतीबाईचं वय पंधरा, आणि सतराव्या वर्षी ती विधवा झाली. रखमा तेव्हा अडीच वर्षांची. सुतार समाजात विधवेला दुसरं लग्न करायला मुभा होती. काही वर्षांनी जयंतीबाईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पाट लावला. हे गृहस्थ विधुर होते, मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, झाडाझुडपांचे मोठे अभ्यासक.

पाट लावण्याआधी जयंतीबाईने एक काम केलं. पहिल्या नवऱ्याची जी मालमत्ता तिच्याकडे आली होती, ती सगळी मुलीच्या नावावर केली. १८५६ च्या विधवा विवाहाच्या कायद्यात अशी अट होती, की दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा बाईचा हक्क जातो. जयंतीबाई काही शिकलेली बाई नव्हती. पण हे एक काम झालं म्हणून आठ-नऊ वर्षांची रखमा स्वतःच्या नावावर मिळकत असलेली मुलगी झाली. पुढे जे घडलं त्यात या कागदाचा वाटा मोठा आहे, म्हणून इथे सविस्तर सांगितलं.

अकराव्या वर्षी रखमाचं लग्न झालं. नवरा दादाजी भिकाजी, वय १९, सखाराम अर्जुन यांच्या नात्यातला, गरीब घरचा. ठरलं असं होतं की दादाजीने घरजावई म्हणून राहायचं, शिकायचं आणि माणूस म्हणून उभं राहायचं. सासरा खर्च करायला तयार होता. दादाजीला मात्र शाळा रुचली नाही. विशीच्या पोराला सहावीत बसून अभ्यास करायचा म्हटल्यावर काय होणार, ते कुणीही सांगेल. लग्नाला काही महिने झाल्यावर रखमा शहाणी झाली. रीतीप्रमाणे गर्भाधानाची वेळ आली होती. सखाराम अर्जुन यांनी डॉक्टर म्हणून ते होऊ दिलं नाही. इतक्या लहान पोरीच्या शरीरावर काय बेततं ते त्यांनी दवाखान्यात पाहिलेलं होतं.

दादाजी रुसून मामाकडे, नारायण धर्माजी यांच्याकडे राहायला गेला. त्या घराचं वातावरण चांगलं नव्हतं. मामाने घरात दुसरी बाई आणून ठेवली होती आणि त्या दुःखाने मामीने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, असं या खटल्याचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. दादाजीने शिक्षण सोडलं, कामधंदा धरला नाही, पुढे त्याला छातीचा आजार जडला, कर्जही झालं. आणि त्या घरी रखमाने नांदायला यावं, असा निरोप येऊ लागला.

रखमा गेली नाही. पहिला नकार तिने दिला तेव्हा ती बारा वर्षांची होती. सखाराम अर्जुन तिच्या पाठीशी राहिले. ती घरीच वाचायला शिकली. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं यायची, घरी डॉक्टर आणि सुधारक मंडळींची ऊठबस असायची, त्यांचं बोलणं कानावर पडायचं. अशी सात-आठ वर्षं गेली. सावत्र बाप म्हटला की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. या सावत्र बापाने मात्र सख्ख्यानेही केलं नसतं ते केलं.

खटला

वकिलाच्या नोटिशीला रखमाबाईंनी वकिलामार्फत उत्तर दिलं आणि मग दादाजीने हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंची बाजू साधी होती. या माणसाकडे आपल्याला ठेवायला जागा नाही, पोसायची ऐपत नाही, त्याची तब्येत बिघडलेली आहे, आणि तो ज्या मामाच्या आसऱ्याने राहतो त्या माणसाची चालचलणूक चांगली नाही. पुढे यात आणखी एक मुद्दा पुढे आला आणि त्यानेच गहजब झाला. लग्न झालं तेव्हा आपण पोर होतो, आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून या लग्नाने आपण बांधलेलो नाही.

दादाजीने मारहाण केल्याचा आरोप या खटल्यात नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवं. दोघं कधी एकत्र राहिलेच नव्हते. पण हा कायदा कसा होता ते बघा. बायकोला नवऱ्याच्या घरी परत पाठवण्याचा हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हे, तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टातून आलेला. १८६७ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने भारतातही असा दावा चालतो असं ठरवून टाकलं. त्या खटल्यातल्या मुसलमान बाईची तक्रार नवऱ्याच्या छळाचीच होती. बायकोला बचावाला जागा होती ती फार थोडी, कारण इंग्रजी कायद्यात छळ म्हणजे जिवाला, अवयवाला किंवा आरोग्याला धोका होईल इतका छळ. त्याहून कमी मारलं, उपाशी ठेवलं, घालूनपाडून बोललं, तर ते संसारात चालायचंच, असं धरून चालायचे. रखमाबाईंचा खटला म्हणूनच मार खाणाऱ्या प्रत्येक बाईचा होता. नाही म्हणणाऱ्या बाईला कोर्ट ओढून पाठवू शकतं का, एवढाच प्रश्न होता.

खटला उभा राहायच्या आतच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. आधार गेला. घरात उरली आई आणि आईचे वडील. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या सहीने दोन पत्रं छापून आली. बालविवाहाने मुलींच्या जन्माचं कसं मातेरं होतं आणि विधवांना कसं जिणं काढावं लागतं, यावर ती होती. नाव नव्हतं, पण लिहिणारी रखमाबाईच होती.

२१ सप्टेंबर १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला. रखमाबाईंच्या वकिलांना बोलायची वेळसुद्धा आली नाही. या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. पिन्ही यांचं म्हणणं असं, की ज्यांनी कधी संसार केलाच नाही त्यांना संसाराकडे परत पाठवायचं कसं. अजाण वयात लग्न लावलेल्या मुलीला तिच्या मनाविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या हवाली करणं त्यांना क्रूर वाटलं. दावा फेटाळला.

सुधारक मंडळी खूश झाली, बाकी समाज खवळला. गोऱ्या न्यायाधीशाने आमच्या लग्नसंस्थेत हात घातला, धर्म बुडाला, शिकलेल्या बायका अशाच होणार, असा ओरडा झाला. लोकमान्य टिळकही रखमाबाईंच्या विरोधात उभे राहिले. टिळकांचा मोठेपणा कुणी नाकारत नाही, पण या बाबतीत ते चुकीच्या बाजूला होते, असं आमचं मत आहे. त्यांचे जुने सोबती आगरकर आणि मुंबईचे बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या बाजूने होते. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. १८८७ साली तिथे छापलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या खटल्याबद्दल लिहिलं.

दादाजीच्या बाजूने अपील झालं. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवायला खाली पाठवला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. एका महिन्यात नवऱ्याच्या घरी राहायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

या हुकमात एक विचित्र गोष्ट होती. हा कायदा ज्या इंग्लंडमधून आला, त्या इंग्लंडने अशा प्रकरणातली तुरुंगाची शिक्षा १८८४ सालीच काढून टाकली होती. म्हणजे दादाजीची नोटीस निघाली त्याच वर्षी. तिकडच्या बायकांची सुटका झाली, इकडच्या बायकांसाठी तो तुरुंग तसाच राहिला.

रखमाबाई २२ वर्षांच्या होत्या. त्यांनी कळवलं की हुकूम पाळणार नाही, कायद्यात असेल ती मोठ्यात मोठी शिक्षा भोगेन.

याच्या आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारीला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या, वय रखमाबाईंपेक्षाही कमी. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी बायकोला शिकवलं म्हणून त्यांचं कौतुक होतं, आणि ते खरंही आहे. पण तो अभ्यास मारहाण करूनही करून घेतला होता, हे आनंदीबाईंनी स्वतः नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांवरून दिसतं. चांगल्या कामासाठी मारलं तरी मार तो मारच. मार्च १८८७ च्या वर्तमानपत्रांत या दोघी बायका शेजारीशेजारी होत्या, एक गेलेली आणि एक तुरुंगाच्या दारात उभी.

माहेरच्यांनी फूस लावली

फॅरन यांच्या हुकमानंतर दादाजीने इंग्रजीत एक पुस्तिका छापली. त्यात आरोप असा होता, की मुलीला यायचं होतं, पण तिच्या आईने आणि आजोबांनी तिला अडवलं, कारण तिच्या नावावरची मिळकत त्यांना हवी होती. रखमाबाईंनी याला जाहीर उत्तर दिलं.

आज तालुका कोर्टात नवऱ्याच्या बाजूने येणारं कुठलंही उत्तर उघडून बघा. माहेरच्यांनी फूस लावली, आईच संसारात लुडबुड करते, पैशासाठी केस केली. १८८७ साली जे छापलं गेलं तेच आजही टाइप केलं जातं. बाई स्वतःच्या डोक्याने नाही म्हणू शकते, हे मानायला माणसं तयारच नसतात. तिच्यामागे कुणीतरी असलंच पाहिजे.

मागे माणसं होती हे मात्र खरं. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपल वर्ड्सवर्थ, कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची, मलबारी, तेलंग यांनी मिळून तिच्या बचावासाठी समिती केली. पैसे जमवले. पुढे अपील करायचं तर तेही करू, अशी तयारी झाली. सरकारलाही धास्ती होती. एका शिकलेल्या तरुण बाईला नवऱ्याकडे जात नाही म्हणून तुरुंगात टाकलं तर इंग्लंडमध्ये काय तोंड दाखवायचं?

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाईंच्या बाजूने दादाजीला २००० रुपये देण्यात आले आणि त्याने आपला हक्क सोडला. हुकूम बजावला गेलाच नाही. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत आणि नांदायलाही गेल्या नाहीत. पण कोर्टात त्या जिंकल्या असं म्हणता येत नाही. कायद्याच्या कागदावर त्या हरल्याच होत्या. पैसे मोजून सुटका विकत घ्यावी लागली. जयंतीबाईने मुलीच्या नावावर मिळकत केली नसती, घराचं दार उघडं ठेवलं नसतं, डॉक्टर-वकिलांची ओळख नसती, तर १८८७ च्या एप्रिलमध्ये ती मुलगी एकतर त्या मामाच्या घरी असती, नाहीतर कोठडीत. तिच्यासारख्या बाकीच्या बायकांचं काय झालं, त्यांची नावंसुद्धा कुठे नाहीत.

या खटल्यातून एक झालं. मुलीचं वय हा विषय दाबता येईना. १८८९ मध्ये बंगालमध्ये फुलमणी नावाची अकरा वर्षांच्या आसपासची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली, त्यावरून पुन्हा रान उठलं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वय १० वरून १२ वर गेलं. एवढंच. पण त्या एवढ्यासाठीही केवढा विरोध झाला! नांदायला न गेल्याबद्दलचा तुरुंग मात्र त्यानंतरही कायद्यात राहिला. तो १९२३ साली गेला.

आज तेच पाकीट आलं तर

गोष्ट अजून संपलेली नाही, पण इथे थोडं थांबून आजचं सांगणं गरजेचं आहे, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात ते पाकीट आत्ताच येऊन पडलेलं असेल.

कलम ९ चा हुकूम झाला तरी पोलीस येऊन बाईला उचलून सासरी नेत नाहीत. तसा अधिकार कुणालाच नाही. तुरुंगही नाही. फार तर मिळकतीवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर एकत्र राहणं झालं नाही तर त्या कारणावर घटस्फोट मागता येतो. अशा हुकमामुळे पोटगी बंद होते अशीही भीती घातली जाते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की बायकोकडे न जाण्याचं योग्य कारण असेल तर केवळ त्या हुकमावरून पोटगी नाकारता येत नाही. म्हणून पाकीट आलं की घाबरून एसटीत बसवू नका आणि पाकीट न घेता परतही पाठवू नका. तारखेला हजर राहून आपली बाजू मांडायची असते. गैरहजर राहिलं तर निकाल एकतर्फी लागतो.

आणि मार खाणाऱ्या बाईला आज स्वतःचा कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात नुसती मारहाण नाही, तर शिवीगाळ, अपमान, लैंगिक जबरदस्ती, खर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं हेही हिंसाचारात धरलं आहे. हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, विधवा सून, लग्न न करता सोबत राहणारी बाई, यांनाही तो लागू होतो.

लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे घराचा हक्क. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, बाई जिथे नांदली त्या घरातून तिला मनाला येईल तसं बाहेर काढता येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही हे लागू होऊ शकतं असं स्पष्ट केलं. बाईला त्या घरात राहायचं असेल तर कोर्ट नवऱ्याला त्रास देऊ नको असा हुकूम देऊ शकतं, गरज पडली तर त्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. राहायचं नसेल तर दुसऱ्या जागेचं भाडं मागता येतं. १८८७ ला कोर्ट बाईला घरात ढकलत होतं. हा कायदा निवड तिच्यावर सोडतो.

जायचं कुठे? महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. कोण आणि कुठे बसतात ते अंगणवाडीताईला किंवा पंचायत समितीत विचारलं तरी कळतं. ते घडलेल्या प्रकाराचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात भरून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. बाई स्वतःही सरळ कोर्टात अर्ज करू शकते. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून अर्जातच तातडीचा अंतरिम हुकूम मागायचा. संरक्षणाचा हुकूम नवऱ्याने मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडायची गरज नाही. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. त्यासाठी तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर १८१, पोलिसांसाठी ११२, विधी सेवेसाठी १५१००.

अर्ज सासरच्याच तालुक्यात करावा लागतो हा गैरसमज आहे. बाई सध्या जिथे राहते, म्हणजे माहेरच्या तालुक्यातही तो चालतो. आणि रात्री शेजारच्या घरातून आवाज येतात त्याची खबर शेजाऱ्यानेही देता येते. चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही.

सुरत

आता रखमाबाईंचं पुढचं. सुटका झाली तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या. डॉ. पीची यांनी डॉक्टर व्हायचा सल्ला दिला आणि पैशाची व्यवस्था करायलाही मदत केली. १८८९ साली रखमाबाई बोटीने इंग्लंडला गेल्या. स्त्रियांसाठीच्या लंडनच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या आणि १८९४ साली डॉक्टर होऊन परत आल्या. वैद्यकीचा धंदा प्रत्यक्ष करणाऱ्या भारतातल्या पहिल्या काही बायकांत त्यांचं नाव आहे.

मुंबईत त्या फार काळ राहिल्या नाहीत. सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात त्या गेल्या आणि वीस वर्षांहून जास्त काळ तिथेच राबल्या. नंतर राजकोटला. मिळून पस्तीस वर्षं. बाळंतपणं, बायकांचे आजार, प्लेगच्या साथी. पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही असा तो काळ, त्यामुळे बाई डॉक्टर म्हणजे जीव वाचण्याची शेवटची संधी. हे काम रोजचं, वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे त्याच्या फारशा गोष्टी सांगितल्या जात नाहीत. खटल्याची चार वर्षं सगळ्यांना ठाऊक असतात, दवाखान्याची पस्तीस कुणाला नसतात.

१९०४ साली दादाजी वारला. रखमाबाईंनी त्यानंतर विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्याच्या घरी जाणार नाही म्हणून तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, त्याच्यासाठी पांढरं नेसायचं? याची कारणं वेगवेगळी सांगितली जातात. कुणी म्हणतं समाजात वावरून काम करायचं तर एवढं पाळावं लागलं, कुणी म्हणतं संस्कार सुटत नाहीत. आम्हाला वाटतं, एकाच बाईत दोन्ही असू शकतं. नवऱ्याविरुद्ध केस लढणारी बाई वटपौर्णिमेला वडालाही जाते, हे आपण बघतोच. त्यावरून तिची केस खोटी ठरवणारे लोकही बघतो.

पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही. निवृत्त होऊन मुंबईला आल्यावर १९२९ साली पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली. वय तेव्हा साठीच्या पुढे. १९४७ साली मुंबई प्रांतात हिंदू बाईला घटस्फोट मागण्याचा कायदा झाला, तोही त्यांनी पाहिला. १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला. त्यात घटस्फोट आला, छळाच्या कारणावरून वेगळं राहण्याची तरतूद आली, आणि कलम ९ सुद्धा आलं, इंग्लंडच्या चर्चचं जुनं देणं. खुद्द इंग्लंडने आपल्याकडचा हा दावा १९७० साली कायमचा बंद केला.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ ला मुंबईत वारल्या. नव्वद वर्षांच्या होत्या. आंध्रच्या हायकोर्टाने १९८३ साली कलम ९ घटनेविरुद्ध ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. ते आजही कायद्यात आहे.